समुद्रशेवाळाच्या कचऱ्यावर सूक्ष्मशेवाळ वाढवून डिझेल: कुणी प्रत्यक्ष केलंय का?

जयगडचा (मुक्काम मंडपम, जि. रामनाथपुरम)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहितीवर विचारलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळं लिहितो.

मी मूळचा जयगडचा. गेली चार वर्षं तामिळनाडूत मंडपमला एका छोट्या युनिटात सुपरवायझर आहे. समुद्रशेवाळाचा अर्क काढायचं काम. शेवाळ म्हणजे कप्पाफायकस, मूळ फिलिपिन्सकडचं. इथल्या बायका त्याला अजूनही 'पेप्सी' म्हणतात, कारण साधारण २५ वर्षांपूर्वी पेप्सिकोने करारावर त्याची लागवड इथे सुरू केली. लागवडीचं आणि अर्काचं तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेचं. बांबूचा १२ फूट बाय १२ फुटांचा तराफा, त्यावर दोऱ्यांना गाठी मारून ६० किलो बियाणं बांधायचं, आणि ४५ दिवसांनी अडीचशे किलोच्या आसपास माल काढायचा. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हे सगळं बहुतेक बायकाच करतात.

माल आमच्याकडे ओलाच येतो. चिरतो, पिळतो, अर्क गाळून डब्यांत भरतो. तो पिकांवर फवारायला जातो. पिळून उरलेला चोथा वाळवून कॅराजीनान (शेवाळातला, पदार्थ दाट करणारा घटक) करणाऱ्यांना विकला जातो, त्यामुळे चोथा हा माझा कचरा नाही. हे आधीच सांगतो.

कचरा वेगळाच आहे. उन्हाळ्यात पाणी तापलं की शेवाळाच्या फांद्या पांढऱ्या पडतात आणि हात लावला तरी तुटतात. 'आइस-आइस' म्हणतात त्या रोगाला. असला माल, त्याला चिकटून आलेलं दुसरं शेवाळ, शिंपल्या, दोऱ्यांचे तुकडे, वर गाळणीवरचा चिकट गाळ. हंगामात रोज २५० किलो भरतं. शेडच्या मागे टाकतो. पहिल्या दिवशी नुसता समुद्राचा वास, तिसऱ्या दिवशी सडकी अंडी. पलीकडे वस्ती आहे, लहान मुलं तिथे खेळतात. मला ते बघवत नाही.

माल आणणाऱ्यांत एक वयस्क अक्का आहेत. नवऱ्याची छोटी बोट आहे, आणि त्यांचं म्हणणं, मासळीपेक्षा डिझेलचाच हिशोब मोठा होतो. एक दिवस ढिगाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तंबी, एवढं शिकलास, यातून बोटीला तेल निघेल का बघ की." तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

मी वाचलंय ते असं: कचरा सौम्य आम्लात उकळायचा, त्यातल्या लांब साखळ्या तुटून साखर होते. त्या पाण्यात क्लोरेला, म्हणजे एकपेशी सूक्ष्मशेवाळ, वाढवायची. क्लोरेला साखर खाऊन अंगात तेल साठवते. तेल काढायचं, मिथेनॉल आणि कॉस्टिकने बायोडिझेल करायचं. शेवटची पायरी मला जमेल, वापरलेल्या खाद्यतेलापासून कॉलेजात केली होती. आधीच्या पायऱ्यांबद्दल विचारतो. २०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये हे होईल का? रोजच्या २५० किलोतून तेल किती मिळेल? खाऱ्या कचऱ्यावर क्लोरेला जगेल का?

पैसे फार नाहीत. मालक म्हणाले, जागा आणि ड्रम घे, वीज जपून वापर.

---

किनारपट्टी

प्रश्न आवडला. आमच्याकडे पावसाळ्यानंतर भाट्याच्या किनाऱ्यावर सरगॅसम या तपकिरी समुद्रशेवाळाचे झुबके येऊन पडतात, त्यांचंही कुणी काही करत नाही. मला यातलं काही कळत नाही, पण 'हिरवंपाणी' ताईंनी याच विषयात एम.एस्सी. केलंय, त्यांना हाक मारतो. ताई, बघा हो.

---

हिरवंपाणी (तासगाव)

हाक ऐकली. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण घाईत लिहायचं नव्हतं. जयगडकर, तुमचा प्रश्न मी वीस वर्षांपूर्वी स्वतःला विचारलेला आहे, आणि तुमची वर्षं वाचावीत असं मनापासून वाटतं.

थोडक्यात आधी: कचऱ्यावर सूक्ष्मशेवाळ वाढतं. नक्की वाढतं. पण त्या वाटेने डिझेल काढायला जेवढं इंधन लागेल, तेवढं इंधन त्यातून निघत नाही. तुमच्याच आकड्यांनी मांडते.

२५० किलो ओला कचरा. कप्पाफायकस वाळून दहाला एक होतं हे तुम्हीच रोज बघता. म्हणजे २५ किलो कोरडा माल. त्यात मीठ आणि पोटॅशचा वाटा मोठा, तो वजा केला तर जळणारा, कुजणारा असा १५ किलो धरू. त्यातून साखर सुटेल फार तर १० किलो. अंधारात साखरेवर वाढवलं तर एक किलो साखरेमागे साधारण ४०० ग्रॅम शेवाळ हाती येतं, म्हणजे ४ किलो. त्यात ३० टक्के तेल धरलं, आणि हे मी उदार होऊन धरतेय, तर १२०० ग्रॅम. काढताना काही जाणारच. दिवसाला सव्वा लिटर बायोडिझेल, सगळं नीट जमलं तर.

आता उकळण्याचा खर्च. २५० किलो म्हणजे जवळजवळ २५० लिटर पाणीच आहे ते. ३० अंशांवरून १०० वर न्यायला १७,५०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे २० युनिट. एक लिटर डिझेलमध्ये सगळी मिळून १० युनिट ऊर्जा असते. भांड्यातून, चुलीतून एक थेंब उष्णता वाया गेली नाही असं मानलं तरी नुसतं तापवायलाच दोन लिटर डिझेलएवढं लागलं. मिळणार सव्वा. आणि अजून आम्ल, ते मारायला अल्कली, हवा फुंकायचा पंप, शेवाळ पाण्यातून वेगळं करणं, तेल काढणं, मिथेनॉल, यातलं काहीच धरलेलं नाही.

हा हिशोब एम.एस्सी.ला असताना मला कुणी पहिल्या दिवशी करायला लावला असता तर फार बरं झालं असतं.

मी तेव्हा काय केलं ते सांगते, कारण त्यात तुमच्या कामाचं आहे. रत्नागिरीहून दोन पोती सरगॅसम एसटीच्या टपावर टाकून कोल्हापूरला आणलं. धुतलं, वाळवलं, दळलं, सौम्य गंधकाम्लात प्रेशर कुकरमध्ये शिजवलं. तपकिरी, चहापेक्षा गडद पाणी निघालं. आम्ल मारायला चुन्याची निवळी घालत गेले, आणि घालता घालता अख्खं भांडं विरजण लागल्यासारखं झालं. चमचा उभा राहील असं. सरगॅसममध्ये अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ असतो आणि त्याला कॅल्शियम भेटलं की ते थिजतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण चमचा हातात धरून कळलं तेव्हा खरं कळलं. तो सगळा घाणा गेला.

तुमच्या कप्पाफायकसचं थोडं निराळं आहे. त्यातल्या कॅराजीनानला पोटॅशियम थिजवतं, आणि पोटॅशियम त्याच्या स्वतःच्या अंगातच भरपूर आहे. खात्री करायची असेल तर अर्धा किलो कचरा तासभर नुसत्या पाण्यात उकळा, फडक्यातून गाळा आणि गार होऊ द्या. आपल्या चायनाग्रासच्या वड्या पडतील. आम्लाने साखळ्या तोडल्या की वड्या पडत नाहीत, पण मग दुसरं दुखणं: त्यातल्या साखरेचा एक भाग आम्लात लगेच पुढे जळतो आणि त्यातून जे तयार होतं ते क्लोरेलाला विषारी असतं. उरते ती गॅलॅक्टोज. ग्लुकोजवर क्लोरेला झपाट्याने वाढते, गॅलॅक्टोजवर बऱ्याच जाती रेंगाळतात. आणि साखरेचं पाणी उघडं ठेवलं की क्लोरेलाच्या आधी जिवाणू आणि यीस्ट जेवून जातात. ते टाळायचं तर सगळं निर्जंतुक, बंद भांड्यात. ड्रममध्ये नाही.

तुम्ही म्हणाल, साखर नको, ऊन आहे की. रामनाथपुरमला उन्हाला तोटा नाही. कचऱ्यातलं नत्र-स्फुरद पाण्यात उतरवायचं आणि उन्हावर हिरवं पाणी वाढवायचं. हे शक्य आहे, तेही मोजू. एका ड्रममध्ये चांगलं गर्द हिरवं पाणी झालं तरी लिटरला अर्धा ग्रॅम शेवाळ. २०० लिटरला १०० ग्रॅम. २० टक्के तेल, म्हणजे २० ग्रॅम. दीड मोठा चमचा. एवढ्यासाठी २०० लिटर पाण्यातून केसाच्या विसाव्या भागाएवढ्या पेशी गोळा करायच्या. मी आता स्पिरुलिना (खाण्याचं सूक्ष्मशेवाळ) करते, तिचे लांब तंतू असतात, साध्या कापडावर अडकतात आणि बायका वरवंट्याने लोणी काढावं तशी ती गोळा करतात. क्लोरेला त्याच कापडातून पाण्यासारखी निघून जाते. तिला तुरटी घालून खाली बसवावी लागते नाहीतर सेंट्रिफ्यूज, आणि त्याचं वीजबिल मालकांना चालणार नाही.

शिवाय कप्पाफायकस पोटॅशने श्रीमंत आणि नत्राने गरीब. सूक्ष्मशेवाळाला किलोमागे ७० ग्रॅमच्या आसपास नत्र लागतं. तुमच्या रोजच्या कचऱ्यात सगळं मिळून २०० ग्रॅम असेल. म्हणजे दिवसाला जेमतेम ३ किलो शेवाळ. त्यासाठी तळं लागेल २०० चौरस मीटरचं, वीतभर खोल. त्यातून तुमच्या उन्हात रोज हजार-बाराशे लिटर पाण्याची वाफ होईल. खाऱ्या पाण्यातली जात लावली तरी वाफ झालेलं भरून काढायला गोडंच पाणी लागतं, नाहीतर तळ्याचं मिठागर होतं. रामनाथपुरमात बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत असतात ना? तिथे रोज बाराशे लिटर गोडं पाणी उन्हात उडवायचं हे मला पटत नाही, तुम्हालाही पटणार नाही.

हे एकट्यादुकट्याचं अपयश नव्हे. अमेरिकेने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं याच कामाला दिली. जवळजवळ ३,००० जाती गोळा केल्या, न्यू मेक्सिकोत रोसवेलला हजार-हजार चौरस मीटरची तळी चालवली. त्यांचा १९९८चा समारोपाचा अहवाल मी अक्षरशः पारायण केल्यासारखा वाचलाय. त्यांनी अनुभवाने लिहिलं की नत्र तोडलं की पेशीतलं तेलाचं प्रमाण वाढतं, पण त्याच वेळी वाढ थांबते, त्यामुळे तळ्यातून निघणारं एकूण तेल वाढत नाही. पुढे एक्सॉनमोबिलने २००९ साली ६० कोटी डॉलरपर्यंत घालायची घोषणा केली, आणि २०२३ उजाडताना हात काढून घेतला.

म्हणून माझं सांगणं: इंधन हवं असेल तर कचऱ्यावर शेवाळ वाढवू नका, कचऱ्याचाच गॅस करा. उकळायला नको, साखर करायला नको, गाळायला नको. त्याच १५ किलोतून साधारण ३ घनमीटर मिथेन निघू शकतो, म्हणजे ३० युनिट, तीन लिटर डिझेलच्या तोडीचा. गंधकामुळे त्यात घट येईल, निम्माच हाती आला तरी सव्वा लिटर बायोडिझेलपेक्षा जास्तच आहे आणि चूल पेटवून मिळवलेला नाही. गॅसच्या बाबतीत 'गोबरगॅस' काकांचा हात धरेल असं इथे कुणी नाही, पुढचं त्यांनी लिहावं.

आणि सूक्ष्मशेवाळ वाढवायचंच असेल, तर गॅसनंतर उरणाऱ्या पाण्यावर थोडंसं वाढवा. तेलासाठी नाही, खाद्यासाठी. ते पुढच्या प्रतिसादात लिहीन, गिरणीतून दळण आणायचंय.

---

गोबरगॅस (कागल)

ताईंनी नाव घेतलं म्हणून लिहितो. माझ्याकडे २ घनमीटरचा तरंगत्या टाकीचा प्लँट आहे, चार म्हशी, रोज ५० किलो शेण. २६ वर्षं घरचा स्वयंपाक त्यावर होतोय. समुद्राचं शेवाळ मी कधी घातलेलं नाही, पण मळी, द्राक्षाचा चोथा, मासळी बाजारातला कचरा, सगळं घालून बघितलंय, नि प्रत्येकाने मला काहीतरी शिकवलंय.

पहिली गोष्ट, सुरुवात शेणानेच करायची. ड्रममध्ये शेण आणि पाणी निम्मं-निम्मं, दीडशे लिटर. वर झाकण घट्ट, गॅसची नळी काढून गाडीच्या जुन्या ट्यूबमध्ये. दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही. पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यायचा. निळी ज्योत धरायला लागली की मग शेवाळ, तेही वाटून, रोज पाव किलो. आठवडाभराने अर्धा. असं करत करत. एकदम घातलं की आत आंबट होतं नि गॅस बसतो. मी एकदा हावरटपणाने एका दिवसात २० किलो मळी ओतली होती. पंधरा दिवस आमच्या घरात चूल पेटली, आईने एक शब्द काढला नाही, पण धुराने तिचे डोळे लाल झालेले मला दिसत होते. तेव्हापासून पीएचची पट्टी खिशात असते. ७ च्या आसपास छान. साडेसहाच्या खाली गेला की खाणं बंद, थोडं ताजं शेण घालायचं नि वाट बघायची.

मीठ हा दुसरा मुद्दा. आतल्या जिवाणूंना खारटाची सवय लागते, पण हळूहळू. शेणाबरोबर घातलं की खारटपणा आपोआप पातळ होतो. निम्मं शेण, निम्मं शेवाळ याच्या वर पहिल्या वर्षी जाऊ नका. मंडपमला गुरं असतील ना?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, तिच्यासाठीच लिहायला बसलो. तुम्ही सडक्या अंड्याचा वास म्हणालात. तो हायड्रोजन सल्फाइड. तुमच्या शेवाळात मुळातच गंधक जास्त, त्यामुळे तुमच्या गॅसमध्ये तो माझ्यापेक्षा किती तरी जास्त येणार. मासळीचा कचरा घालत होतो तेव्हा आठ महिन्यांत शेगडीच्या बर्नरची भोकं खाऊन गेली होती. त्याला उपाय सोपा आहे. लेथवर निघतो तो लोखंडाचा कीस आणायचा, पाणी मारून गंज चढू द्यायचा, पीव्हीसीच्या दोन फूट नळीत सैलसर भरायचा नि गॅस त्यातून न्यायचा. कीस काळा पडला की बाहेर काढून हवेत पसरायचा, परत तांबूस होतो. पसरताना गरम होतो, वाळलेल्या पाचटाजवळ ठेवू नका.

पण शेगडीचं जाऊ द्या. हा गॅस माणूस मारतो. थोडा असतो तेव्हा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो नि आपल्याला वाटतं गेला. ड्रमच्या तोंडावर वाकून बघायचं नाही. टाकीत उतरायचं नाही, कितीही रिकामी असो. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर २००९ साली कुजलेल्या शेवाळाच्या थरात पाय रुतून एक घोडा जागीच मेला नि स्वार बेशुद्ध पडला. ते तर उघड्यावर होतं. तुमच्या शेडमागच्या ढिगावर मुलं खेळतात म्हणालात, तो ढीग ड्रम येईपर्यंत थांबवू नका. उद्याच पातळ पसरा, वाळू द्या. वाळलं की कुजत नाही.

---

जयगडचा

काका, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप आली नाही. सकाळी सहालाच दोन माणसं घेऊन ढीग पसरला. वरचा थर कोरडा होता, पण फावडं आत गेलं तशी काळी, चकचकीत, लोण्यासारखी घाण निघाली आणि असा भपका आला की आम्ही तिघंही मागे सरलो. तोंडाला फडकं बांधून, वाऱ्याकडे पाठ करून काम केलं. आता सगळं वाळूवर बोटभर जाड पसरलेलं आहे, वास निम्म्याहून कमी झालाय. मुलांना तिकडे जाऊ नका म्हणून सांगितलंय, पण ती ऐकणारी नाहीत, म्हणून दोन बाजूंनी जुनं जाळं बांधलं.

ताई, तुम्ही सांगितलेला प्रयोगही केला. अर्धा किलो कचरा स्टीलच्या टोपात तासभर उकळला, लुंगीच्या तुकड्यातून गाळला. गाळतानाच जाणवलं, पेजेसारखं ओघळत होतं. दुपारपर्यंत टोपात घट्ट वडी. सुरीने कापली तर कड सरळ उभी राहिली. अक्का बघत होत्या, त्यांनी बोटाने दाबून बघितली आणि हसल्या. त्यांना तेलाचा हिशोब सांगितला. सव्वा लिटरसाठी दोन लिटर, हे त्यांना माझ्याआधी कळलं. म्हणाल्या, "मग गॅस कर. बोटीला नाही तर चुलीला."

२५० किलोच्या गॅसचा मी सिलिंडरमध्ये हिशोब मांडला. दिवसाला दोन-सव्वादोन किलो एलपीजीएवढा, म्हणजे सहा-सात दिवसांत १४.२ किलोची एक टाकी. काकांनी सांगितलेली घट धरली तर दोन आठवड्यांत एक. बायकांचा दुपारचा भात आमच्या शेडमध्येच शिजतो, तेवढ्याला पुरेल. बरोबर आहे का?

गुरांचं म्हणाल तर शेजारी दोन गोठे आहेत, शेण मिळेल. ड्रम काल धुतला. ताई, ते खाद्याचं राहिलं.

---

हिरवंपाणी

हिशोब बरोबर आहे, पण तो रोजचे २५० किलो पेलणाऱ्या मोठ्या टाकीचा. एका ड्रममधून एवढा गॅस निघणार नाही. दोन आठवड्यांचाच धरा.

खाद्याचं. तासगावला मी एकदा स्पिरुलिनाच्या शेजारी क्लोरेलाची एक टाकी लावली होती. नवव्या दिवशी गर्द हिरवी होती, अकराव्या दिवशी फिकट पिवळी, बाराव्या दिवशी तळ दिसत होता. पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला तर रोटिफर. डोळ्याला जेमतेम ठिपका दिसेल एवढा जीव, पुढे केसांची दोन चक्रं फिरवत पेशी तोंडात ओढतो. लाखोंनी होते. तीन दिवसांत सगळी टाकी त्यांनी संपवली. मी ती टाकी ओतून दिली आणि पुन्हा लावली नाही.

हे तुम्हाला सांगायचं कारण, तुम्ही जिथे राहता तिथे याच रोटिफरला मुद्दाम वाढवतात. मंडपम कॅम्पला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे. एके काळी संस्थेचं मुख्यालयच तिथे होतं, १९७१ला कोचीला गेलं. कोबिया माशाची पिल्लं आपल्या देशात पहिल्यांदा तिथेच काढली, २०१० साली. कोबियाचं पिल्लू अंड्यातून निघालं की तयार खाद्य खात नाही, त्याला जिवंत रोटिफर लागतात, आणि रोटिफरला लागतं हिरवं पाणी. नॅनोक्लोरॉप्सिस, खाऱ्या पाण्यातलं. माझ्या टाकीत जो शत्रू होता तो तिथे चारा आहे. आणि गंमत नाही, खरंच सांगते, तिथे शेवाळ पाण्यातून वेगळं करावंच लागत नाही. बादलीने हिरवं पाणी रोटिफरच्या टाकीत ओतायचं, झालं. ज्या कामाने सगळा हिशोब बुडतो ते कामच उरत नाही.

म्हणून आधी तिथे जाऊन भेटा. शुद्ध जात कुठून मिळेल, आसपासच्या हॅचऱ्यांना (माशांची पिल्लं काढणाऱ्या केंद्रांना) हिरवं पाणी लागतं का, हे विचारा. भावनगरच्या संस्थेचंही एक केंद्र मंडपमलाच आहे, कप्पाफायकसबद्दल त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. मी इथून तासगावातून सांगते त्यापेक्षा ते प्रत्यक्ष बघून सांगतील.

ड्रममधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नत्र अमोनियाच्या रूपात असतं. शेणामुळे ते वाढलेलंही असेल, म्हणजे शेवाळाची नत्राची गरिबी तिथे थोडी भरून निघते. पाणी दोन दिवस बसू द्या, वरचं निवळ फडक्यातून गाळा, आणि समुद्राच्या पाण्यात शंभराला दोन-तीन भागच घाला. जास्त घातलं तर अमोनियाने पेशी मरतात आणि गडद रंगामुळे ऊन आत जात नाही. आधी पाच-पाच लिटरच्या पाण्याच्या पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत दोन भाग, एकीत पाच, एकीत काहीच नाही. उन्हात नाही, शेडच्या कडेला उजेडात. रोज सकाळी त्याच वेळी हलवून रंग बघा आणि फोटो काढून ठेवा. ज्या पाण्यात शेण गेलंय ते हॅचरीत चालेल का हा प्रश्न राहतोच, कारण पिल्लांना रोग लागू शकतो. तो तिथल्या लोकांना स्पष्ट विचारा, लपवू नका. नाही म्हणाले तर ते पाणी नारळाला घाला, नारळाला पोटॅशही हवंच असतं आणि खारटपणाही तो सोसतो.

आणि हे सगळं ड्रम नीट चालायला लागल्यावर. आधी महिनाभर फक्त शेण.

---

गोबरगॅस

+१. शेण ताजं घ्या, वाळलेलं नको. नि ट्यूब शेडच्या बाहेर, सावलीत ठेवा, कुणी विडी ओढत तिथे जाणार नाही असं बघा.

---

जयगडचा

आज संध्याकाळी ड्रम भरला. ७५ किलो शेण, ७५ लिटर पाणी. पाणी गोडंच वापरलं, अर्धं अक्कांनी घरून आणलं, मी नको म्हणत असताना. पीएच ७.१. झाकणाच्या कडेला सायकलची ट्यूब कापून बसवली आहे, साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा नाही. मंडपम कॅम्पला सोमवारी जातोय.

काका, ज्योत धरायला लागली की इथेच लिहीन. लोखंडाचा कीस मिळाला, पांबनच्या एका वर्कशॉपवाल्याने पैसे घेतले नाहीत.